पहिल्या धड्यात सायकल कोळपं घ्या

फ्रीकॅड हे आराखडे काढायचं सॉफ्टवेअर शिकवायला बसलेला माणूस बहुधा ठोकळ्यापासून सुरुवात करतो. ठोकळा काढा, भोक पाडा, कडा गोल करा. वीस मिनिटं खर्ची पडतात आणि पडद्यावर उरतो तो कुणाच्याच कामाचा नसलेला ठोकळा. परभणी जिल्ह्यातल्या जिंतूरच्या आयटीआयतल्या फिटर नाहीतर वेल्डर ट्रेडच्या पोराने पुढचा धडा उघडलाच नाही, तर बोल पोराला लावू नका. त्याच्या रोजच्या कामातलं त्या धड्यात काहीच नव्हतं.

जिंतूर तालुका सोयाबीन, कापूस आणि तुरीचा. पावसाने उघडीप दिली की तण काढायची घाई होते आणि बैलजोडी परवडत नाही तिथे सायकल कोळपं चालतं. पुढे सायकलचं चाक, मागे दोन दांड्या, खाली तण कापणारी पास, आणि पास खाली-वर करायला भोकांची रांग पाडलेली पट्टी. वेल्डिंगच्या दुकानात हे खडू, गुण्या आणि टेपवर तयार होतं. माप सुतात: आठ सूत म्हणजे एक इंच. हे सगळं कारागिराच्या हातात आणि डोक्यात असतं, कागदावर कुठेच नसतं. कारागीर पुण्याला कंपनीत गेला की मापही त्याच्यासोबत जातं. पन्नास पट्ट्या लेझरवर कापून आणायच्या म्हटलं, तर लेझरवाला पहिल्यांदा आराखड्याची डीएक्सएफ फाइल मागतो. ती दुकानात कुणाकडे नसते. आराखडा शिकायचा तो याच्यासाठी.

म्हणून पहिला धडा याच पट्टीचा हवा. ५० मिमी रुंद, ६ मिमी जाड, ३०० मिमी लांब, आणि ४० मिमी अंतरावर पाच भोकं. स्केचमध्ये आयत काढायचा, मापं द्यायची आणि आयत मूळ बिंदूला बांधायचा. रेषा हिरव्या झाल्या की स्केच पक्कं झालं. मग पॅड वापरून ६ मिमी जाडी द्यायची, एक भोक पाडायचं आणि लिनिअर पॅटर्नने त्याची पाच करायची. एवढ्या एका पट्टीत सुरुवातीचं निम्मं शिक्षण होऊन जातं.

आता बोल्ट. दुकानात चार सुती बोल्ट म्हणतात, म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिमी. नवशिका १३ चं भोक ठेवतो. पडद्यावर सगळं ठीक दिसतं. प्रत्यक्षात पट्टीला रंग लागला की बोल्ट अडतो. भोक १४ चं ठेवा, हे धड्यात तोंडाने सांगायला हवं. सॉफ्टवेअर ते सांगत नाही, शिकवणाऱ्यानेच सांगायचं असतं. बटण कुठे आहे हे कुणीही दाखवील. भोक किती ठेवायचं हे ज्याने ग्राइंडर हातात धरलाय त्यालाच ठाऊक.

पोरं अडखळतात त्या जागाही ठरलेल्या आहेत. आयताचा एखादा कोपरा जुळलेला नसतो, म्हणून पॅड होत नाही. बॉडी सक्रिय नसते. एकच माप दोनदा दिलेलं असतं आणि स्केच तक्रार करतं. या चुका धड्यात मुद्दाम करून दाखवा आणि दुरुस्तही करून दाखवा. सफाईने हात फिरवत पुढे जाणारा शिकवणारा बघायला छान वाटतो, पण त्याच्या मागे बसलेला पोरगा तिसऱ्याच मिनिटाला हरवलेला असतो.

मग सॉफ्टवेअर फ्रीकॅडच का? कारण परवान्याला पैसे पडत नाहीत. बड्या कंपन्यांचे परवाने लाखांच्या घरात जातात, म्हणून गावोगावी क्रॅक केलेल्या प्रतींवर शिकणं सर्रास चालतं. हे थांबलं पाहिजे. चोरीच्या प्रतीवर शिकलेला पोरगा उद्या स्वतःचं दुकान टाकेल तेव्हा कशावर काम करणार? फ्रीकॅड २००२ पासून लोकांच्या हातात आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात १.० आवृत्ती आली आणि मागचं माप बदललं की पुढचं भोक भलत्याच कडेला जाऊन बसायचं, ते जुनं दुखणं बरंचसं कमी झालं. जुन्या आवृत्तीवरचे धडे बघणाऱ्याला बटणं जागेवर सापडत नाहीत. तेव्हा धड्याच्या पहिल्याच वाक्यात आवृत्तीचा आकडा सांगा.

धडा कसा बांधावा, याचा नमुना आपल्याच राज्यात आहे. आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौद्गल्य यांनी उभ्या केलेल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात धडा साधारण दहा मिनिटांचा असतो. आधी संहिता लिहितात, मग विषयाची काहीच माहिती नसलेल्या माणसाकडून ती तपासून घेतात. पडदा इंग्रजीच राहतो, आवाज मराठीसह अनेक भारतीय भाषांत मिळतो. बघणाऱ्याने थांबवत थांबवत शेजारी स्वतः करायचं असतं. नवख्याकडून तपासणी ही यातली सगळ्यात मोलाची गोष्ट, आणि घाईत तीच आधी गाळली जाते.

दुसरा नमुना पाबळचा. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली तिथे विज्ञान आश्रम काढला, गावाला लागणाऱ्या कामातून तंत्र शिकवलं, आणि २००२ मध्ये एमआयटीच्या साथीने फॅब लॅब तिथेच उभी राहिली. शिरूर तालुक्यातल्या खेड्यात हे झालं, तर जिंतुरात का होऊ नये? परभणीला कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे. अवजारांची जाण असलेली माणसं तिथे आहेत. अंतर एका एसटीचं.

या सगळ्याचं खरं बळ पट्टीच्या पुढच्या पायरीला कळतं. पासेची रुंदी, भोकांतलं अंतर, बोल्टचं माप फ्रीकॅडच्या स्प्रेडशीटमध्ये लिहून ठेवायचं आणि आराखडा त्याला जोडायचा. चारठाण्याचा शेतकरी नऊ इंची पास मागतो, बोरीचा बारा इंची. एक आकडा बदलला की पट्टी, भोकं, कागदावरचं ड्रॉइंग सगळं बदलतं. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेल्या पोराला पुढे ओढावं लागत नाही.

तेव्हा शिल्प निदेशकांनो, खरिपाच्या आत पहिला धडा काढा. आवाज तुमचा, भाषा वर्गात बोलता तीच. व्हिडिओची फाइल लहान ठेवा, मोबाइलवर उतरवून नेटशिवाय बघता येईल अशी. पट्टीची फाइल सोबत द्या. आणि धडा बाहेर सोडण्याआधी ज्याने कधी माउस धरला नाही अशा एका वेल्डरला समोर बसवा. त्याच्या हातून पट्टी झाली, तरच धडा झाला.