गंजणार!

हा माणूस तुमच्याही ओळखीचा आहे. तुमच्याकडे तो मिक्सरच्या कंपन्यांची तुलना करत असेल, नाहीतर गावी पाण्याच्या पंपांची. वस्तू त्याला घ्यायची नसते. ती तुम्हाला घ्यायची असते, आणि म्हणूनच तो येतो. आमच्या वाट्याला ड्रमसेटवाला आलाय. सोसायटीत सगळे त्यांना काका म्हणतात. मूळचे वेंगुर्ल्याकडचे, उमेदीच्या काळात ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवायचे, आता बोरिवलीत तळमजल्यावर असतात. कुणाच्या घरात वाद्य येणार अशी नुसती कुणकुण लागली तरी चप्पल न घालता वर येतात.

भाच्याला ड्रमसेट घ्यायचाय, असं मी लिफ्टमध्ये बहिणीला फोनवर म्हणालो. लिफ्टमध्ये काका होते.

"कुठला बघतोयस?"

"पर्ल चांगला म्हणतात."

"चांगलाच आहे. गंजतो."

"मग टामा?"

"त्याच्या स्टँडला बैल बांध, हलणार नाही. पण गंजतो."

"यामाहा?"

इथे काका जरा विरघळले. त्यांच्याकडे एके काळी आरएक्स 100 होती. मोटरसायकल करणाऱ्या माणसांना नट कळतो, असं त्यांचं ठाम मत. मोटरसायकलवाली कंपनी 1955 सालीच वेगळी झाली आणि ड्रम तर 1967 पासून पियानोवाल्यांनीच सुरू केले, हे मी सांगून पाहिलं. "रक्त एकच," काका म्हणाले. "हा उशिरा गंजतो."

बाकीचे वाजवणारे लाकडावर भांडतात. मेपलचा आवाज भरीव आणि गोलसर. बर्चचा टोकदार, काठी पडल्या पडल्या कानात घुसणारा, म्हणून स्टुडिओवाल्यांना बर्च लाडका. स्वस्तातल्या सेटला पॉप्लर. काकांना हे सगळं तोंडपाठ आहे, पण लाकडापाशी ते फार रेंगाळत नाहीत. लाकूड गंजत नाही ना!

इतिहासही त्यांना याच वाटेने येतो. 9 फेब्रुवारी 1964 रोजी बीटल्स अमेरिकेच्या टीव्हीवर झळकले. रिंगो स्टारच्या बेस ड्रमवर लुडविगचं नाव होतं आणि ते सुमारे 7 कोटी 30 लाख लोकांनी घरबसल्या पाहिलं. शिकागोच्या त्या 1909 सालच्या कंपनीचं नशीब फळफळलं. काका हे अगदी रंगवून सांगतात आणि शेवटी म्हणतात, "त्यातल्या एकानेही नट बघितला नाही." लुडविगचा तो प्रसिद्ध साइड ड्रम अॅल्युमिनियमचा असतो, आणि अॅल्युमिनियम कुठे गंजतं, असं मी एकदा चाचरत विचारलं. "वरचं क्रोम फुगतं, पोपडे निघतात. त्याला तू काय म्हणणार? देवी आल्या?"

विलायतेच्या प्रीमियरबद्दल मात्र ते हळवे होतात. जुन्या प्रीमियरच्या ड्रमांचं माप अमेरिकन मापापेक्षा किंचित वेगळं, त्यामुळे बाजारातलं पान, म्हणजे वर ताणायचा पडदा, त्यावर बसायचंच नाही. ऐन गणपतीत पान फाटलं की संपलं. "गंजायच्या आधीच बंद पडायचा बिचारा," असं ते दिवंगत नातेवाइकाबद्दल बोलावं तसं बोलतात.

टामाचा विषय निघाला की काकू आतून बाहेर येतात. टामा हे मालकाच्या घरातल्या बाईचं, होशिनोंच्या पत्नीचं नाव. "त्या जपान्याने बायकोचं नाव कारखान्याला दिलं," काकू चहा ठेवता ठेवता म्हणतात, "आणि आमच्याकडे गॅसच्या कार्डावरसुद्धा माझं नाव नाही." काका ऐकू न आल्यासारखं करतात. इतकी वर्षं सिंबलशेजारी बसल्याने खरोखरच डाव्या कानाने कमी येतं, त्यामुळे यात नाटक किती हे ठरवणं कठीण आहे.

आणि सिंबल! झिल्जनचं घराणं 1623 पासूनचं, इस्तंबूलचं. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माआधीपासून ही मंडळी कासं ठोकताहेत. पुढे अमेरिकेत गेले, आणि तिथे दोन भावांत बिनसलं. धाकट्याने 1981 साली कॅनडातला कारखाना घेऊन सेबियन काढली. नाव आपल्या तीन मुलांच्या नावांतली अक्षरं जुळवून केलं. सिंधुदुर्गातल्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. काकांच्या स्वतःच्या घराच्या पडवीचा दावा अजून चालू आहे. त्यामुळे दोन्ही सिंबल ते समभावाने हिरवे पडू देतात.

ड्रमपुरतं असतं तर निभावलं असतं. पुतणीला सांगून आलेला मुलगा मर्चंट नेव्हीत आहे कळल्यावर काका म्हणाले, "बारा महिने खारी हवा." पुढचा शब्द काकूंनी डोळे वटारून अडवला. डॉक्टरांनी हिमोग्लोबिन कमी म्हणून लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, तेव्हा मुंबईच्या दमटपणात त्या आत गेल्यावर काय होईल, असा प्रश्न त्यांनी अगदी गंभीरपणे विचारला. सी लिंकवरून जाताना तर ते खिडकीबाहेर बघतच नाहीत.

शेवटी आम्ही धोबीतलावला एका दुकानात गेलो. विक्रेता उत्साहाने धडाम्‌धुम करून दाखवू लागला. काकांनी हात वर केला. "आवाज नंतर." त्यांनी एका टॉमची दोन्ही पानं काढायला लावली आणि उघडा ड्रम काचेच्या काउंटरवर पालथा घातला. मग दिवा बंद करायला सांगून मोबाइलची बॅटरी आतून कडेकडेने फिरवली. जिथे कड काचेला नीट टेकलेली नव्हती तिथून केसाएवढी उजेडाची रेघ बाहेर आली. "इथे पान बसणार नाही. कितीही चावी फिरव, एक नट रडणारच." मग खिशातून रुमाल काढून एकेक नट बोटाने फिरवला, आटे खरखरतात का ते बघितलं, पेडल कानाशी नेऊन दाबलं. विक्रेत्याचा चेहरा मुलगी दाखवायच्या कार्यक्रमातल्या बापासारखा झाला होता.

राग याचा येतो की म्हातारा बरोबर असतो. एकाच किमतीच्या दोन सेटांत लाकडाचा फरक हॉलच्या मागच्या रांगेत कुणालाही कळत नाही. पुढे माइक लावला की पुढच्या रांगेतही नाही. आवाजाचा मोठा वाटा पानाचा आणि ते कसं ताणलंय याचा. कंपनी कळते ती पाच पावसाळ्यांनंतर, विंगनट अडकला की. आम्ही एक जुना पर्ल एक्सपोर्ट घेतला. तेव्हापासून काका दर रविवारी शिवणयंत्राच्या तेलाची कुपी घेऊन येतात. समोरासमोरचे नट अर्धा अर्धा फेरा कसे आवळायचे हे त्यांनी भाच्याला शिकवलं. प्रत्येक नटाशेजारी काठीने हलके टिचकी मारून सगळीकडे सूर एक आहे ना, हे ऐकतात. उजव्या कानाने.

ऑर्केस्ट्रात वाजवलेला एकही सेट काकांचा स्वतःचा कधीच नव्हता, हे मला काकूंकडून कळलं. सेट ऑर्केस्ट्राच्या मालकाचा. बेस ड्रम एका कंपनीचा, टॉम दुसऱ्या, स्टँड वेल्डिंग केलेला. मॅटाडोरमध्ये गोणपाटात गुंडाळून कोकणभर फिरायचं. रात्रभर जत्रेच्या मैदानात दव पडायचं आणि पहाटे गोव्याकडच्या कार्यक्रमाला निघायच्या आधी काका लुंगीने एकेक दांडी पुसायचे. खराब झालं तर पाकिटातून कापायचे. लेस्ली गोदिन्हो, फ्रँको वाझ या माणसांनी सिनेमाच्या गाण्यांत जे वाजवलं, ते असल्या खिचडी सेटवर मंडपात उतरवायचं आणि वर पब्लिकला वाटलं पाहिजे की रेकॉर्ड लागलीय.

मग ऑक्टापॅड आला. रोलँडचा, आठ रबरी चौकोनांचा. 1998 चा एसपीडी-20 तर गावोगावच्या ऑर्केस्ट्रात पोहोचला. एक पोरगा पाठीवरच्या बॅगेतून आणतो. ढोलकी, ड्रम, सिंबल, सगळं त्यातच. मॅटाडोर नको, गोणपाट नको, दव पुसणारा माणूस नको. काका त्याविषयी कधीच काही बोलत नाहीत. जगातल्या सगळ्या कंपन्यांवर मत असलेल्या माणसाने एकावरच गप्प राहावं, हे मला फार दिवस खटकत होतं. एकदा विचारलंच. "रबर आहे," म्हणाले. "काही होत नाही त्याला."

आता सोसायटीने आवाजाबद्दल पत्र दिलंय आणि भाचा ऑक्टापॅड मागतोय. हेडफोन लावून वाजवता येतो म्हणे. काकांना सांगायचं कसं, या विचारात आम्ही दोन रविवार काढले. त्यांना तळमजल्यावर आधीच कळलं होतं. परवा आले ते माहितीपत्रकांचा गठ्ठा घेऊनच. रोलँड एका बाजूला, यामाहा दुसऱ्या. चष्मा कपाळावर सरकवून कितीतरी वेळ वाचत होते. रबर, प्लास्टिक, वायर, पुन्हा रबर. चेहरा उतरत चालला होता. मग शेवटच्या पानावर त्यांना ऑक्टापॅड उभा करायच्या स्टँडचं चित्र सापडलं. त्यांनी चष्मा खाली घेतला, बारीक अक्षरं वाचली आणि भाच्याच्या पाठीवर थाप मारली.

"घेऊन टाक. पाय लोखंडाचे आहेत."