डुगडुगणारी तबकडी

कपडे धुणं म्हणजे कपड्यांना शिक्षा करणं, ही समजूत बहुधा जगभर सारखीच आहे. आपल्याकडे नदीकाठी दगडावर आपटून झाले, मोरीत चुबकून झाले, ब्रशनं घासून झाले. धुण्याचा आवाज शेजारी पोचला नाही तर मळ निघाला असेल का, अशी शंका आपल्यालाच येते. अमेरिकेनं ही शिक्षा यंत्राकडे सोपवली, पण तिचं स्वरूप काही बदललं नाही. १९२२ साली आयोवा राज्यातल्या न्यूटन गावच्या मेटॅग कंपनीनं ‘गायराफोम’ नावाचं यंत्र काढलं. त्यात कपडे घुसळणारे पंखे टबाच्या तळाशी होते. पुढे घरोघरी जे यंत्र स्थिरावलं त्याचं झाकण वर आणि टबाच्या मधोमध पाती लावलेला जाडजूड दांडा. टब काठोकाठ भरायचा, मग दांडा इकडून तिकडे हिसके देणार आणि कपडे त्याच्याभोवती गुंडाळले जाणार. एका खेपेला दीडशे लिटरच्या आसपास पाणी सहज जायचं. शर्टाची बाही दांड्यात अडकून उसवायची, पण धुणं झाल्याचं समाधान मात्र पुरेपूर मिळायचं.

विसावं शतक सरता सरता व्हर्लपूल कंपनीनं या दांड्यालाच हात घातला. ‘कॅलिप्सो’ हे तिच्या नव्या यंत्राचं नाव. सिअर्सच्या दुकानांत तेच केनमोरच्या नावानं विकलं जाई. झाकण वरच, टबही उभाच, पण आत दांडा नाही. तळाशी नुसती एक रुंद तबकडी. आता तळाला चकती असलेली यंत्रं आपल्याकडे कितीतरी घरांत आहेत, पण ती चकती गरागरा फिरते. कॅलिप्सोची तबकडी फिरत नाही, कलते, आणि तिचा कल चारी बाजूंनी हिंडत राहतो. हातातून निसटलेली परात फरशीवर निजण्याआधी कडेकडेनं डुगडुगते ना, तशी. फरक इतकाच की परातीचं डुगडुगणं घटकाभराचं, आणि मोटर चालू आहे तोवर तबकडीला थांबायची परवानगी नाही.

ही डुगडुग काय साधते? वर पडलेले कपडे उसळतात, सरकतात आणि हळूहळू खालचे वर, वरचे खाली होतात. पाणी तळाशी थोडंसंच. त्यात साबण घट्ट विरघळलेला. एक पंप ते पाणी उचलून वरून कपड्यांवर सोडतो, ते कपड्यांतून झिरपून खाली येतं, पंप पुन्हा उचलतो. म्हणजे कपड्यांची आंघोळ हौदात बुडी मारून नव्हे, शॉवरखाली उभं राहून.

ही अक्कल कुण्या इंजिनिअरला एका रात्रीत सुचली असं नाही. हेन्केल या जर्मन साबण कंपनीतल्या हर्बर्ट झिनर यांनी १९५९ मध्ये धुण्याचं सगळं शास्त्र एका वर्तुळात मांडलं. वर्तुळात चार वाटेकरी: साबणाचं रसायन, हालचालीचा जोर, पाण्याची ऊब आणि वेळ. एकाचा वाटा कमी केलात तर तो दुसऱ्या कुणाला तरी उचलावा लागतो. दांड्याच्या यंत्रात जोराचा वाटा मोठा होता. कॅलिप्सोनं तो काढून घेतला आणि साबणाच्या घट्टपणावर आणि वेळेवर टाकला. आपल्या आज्ज्यांनी झिनर यांचं नावही ऐकलं नव्हतं. तरी सोड्याच्या पाण्यात रात्रभर कपडे भिजत घालून सकाळी नुसते खळबळून काढणारी बाई याच वर्तुळात बसून हिशेब करत होती. हात दुखत असले की वेळ वाढवायचा, घाई असली की पाणी तापवायचं.

मग इतकी वर्षं सरळ चाललेल्या दांड्याला सुट्टी देण्याची गरज का पडली? कारण पाणी आणि वीज. धुण्याच्या यंत्रातली बरीचशी ऊर्जा टब फिरवण्यात जात नाही, पाणी तापवण्यात जाते. पाणी कमी तर तापवायचं कमी. अमेरिकी सरकारच्या ऊर्जा खात्यानं जानेवारी २००१ मध्ये धुण्याच्या यंत्रांसाठी नवे निकष जाहीर केले आणि २००४ व २००७ अशा दोन टप्प्यांत ते लागू होणार हे सांगून टाकलं. काठोकाठ भरणाऱ्या टबाला त्या निकषांत मावणं अवघड होत जाणार, हे कारखानदारांना वाचता येत होतं.

खरं तर यावरचा उपाय आधीच होता. समोरून दार उघडणारं, आडव्या पिंपाचं यंत्र. पिंप कपडे वर नेतं आणि खाली टाकतं, पाणी थोडकंच लागतं. १९९७ मध्ये कॅन्सस राज्यातल्या बर्न नावाच्या, जेमतेम दोनशे वस्तीच्या गावात एक गंमतशीर प्रयोग झाला. मेटॅग आणि सरकारी ऊर्जा खातं यांनी मिळून तिथल्या घराघरांतली जुनी यंत्रं हलवली आणि समोरून उघडणारी नवी यंत्रं बसवली. गावाचं धुणं दोन्ही प्रकारांत मोजलं गेलं. निष्कर्ष असा, की नव्या यंत्रांनी सुमारे ३८ टक्के पाणी वाचवलं. अख्ख्या गावाच्या मळक्या कपड्यांचं वजन शास्त्रज्ञांनी नोंदवून ठेवणं, हा लोकशाहीतला एक मोठा क्षण मानायला माझी हरकत नाही.

पण आकडे कितीही बोलले तरी कमरेला ते ऐकू येत नाहीत. समोरच्या दाराच्या यंत्राला वाकावं लागतं. शिवाय धुणं सुरू झाल्यावर पलंगाखाली सापडलेला एकुलता मोजा आत टाकायची सोय नाही. अमेरिकन गृहस्थाला पाणी वाचवायचं होतं, फक्त उभ्यानं वाचवायचं होतं. कॅलिप्सोचा जन्म या अटीतून झाला आणि तिचे गुणही याच अटीत आहेत. दांडा नसल्यानं टबात जागाच जागा, मोठी रजई सहज मावते. बाह्या उसवणं बंद, नाजूक कापडाला हिसके नाहीत. वरून मोजा टाकता येतो. शेवटी टब इतक्या वेगानं फिरतो की कपडे बऱ्यापैकी कोरडे होऊनच बाहेर येतात आणि वाळवणाऱ्या यंत्राचं काम हलकं होतं. दांडीवर कपडे वाळत घालणाऱ्यांना या शेवटच्या गुणाची किंमत कळणार नाही. ज्या देशात आठ महिने ऊन असूनही कपडे विजेवर वाळवतात, तिथे ती कळते.

आता दोष. पहिला दोष पंपाचा. सगळं धुणं एकाच पाण्यावर पुन्हापुन्हा चालायचं तर ते पाणी फिरवणारा पंप धडधाकट हवा, आणि कपड्यांतून काय काय निघतं हे आपण जाणतोच. धागे, वाळू, नाणी, केसांच्या पिना, कागदाचा लगदा. दांड्याच्या यंत्रात खिशातलं नाणं टबाच्या तळाशी खुळखुळत पडायचं आणि मुलांना मिळायचं. इथे असला ऐवज पंपाच्या वाटेत जाऊन बसला की पाणी वेळेत बाहेर पडेना, आणि समोरच्या पट्टीवर ‘एलडी’ अशी दोन अक्षरं लुकलुकत. टबातलं ओझं एका बाजूला कललं तर ‘यूएल’. जुनं यंत्र बिघडलं की धडधडायचं, उड्या मारायचं, भिंतीवर आदळायचं. घरातल्या कुत्र्यालाही कळायचं की काहीतरी बिनसलं आहे. कॅलिप्सो मात्र अबोला धरून दोन अक्षरं दाखवणार, आणि त्यांचा अर्थ पुस्तिकेत शोधायचा. पुस्तिका कुठल्या कपाटात आहे हे घरात कुणालाही ठाऊक नसतं, अमेरिकेतही.

दुसरा दोष फेसाचा, आणि तो यंत्राच्या खात्यावर किती टाकायचा आणि माणसांच्या खात्यावर किती, याबद्दल मी अजून यंत्राच्या बाजूनं आहे. कमी पाण्याच्या यंत्राला कमी फेसाचा साबण लागतो. फेस मळ काढत नाही, ते काम साबणाचे रेणू मुकाट्यानं करतात. पण फेस दिसतो आणि रेणू दिसत नाहीत. नेहमीचा साबण नेहमीच्या मापानं ओतला की पंपाला पाण्याऐवजी फेसच उपसत बसावं लागतं आणि मग सगळाच कार्यक्रम रेंगाळतो. साबणाच्या बुचावरची खूण न वाचता ‘अजून थोडा’ ओतणारा हात सगळ्या खंडांत सापडतो. मुलाकडे सहा महिन्यांसाठी गेलेली साताऱ्याची आई अशा यंत्रात डोकावली तर पहिला प्रश्न ठरलेला: “अरे, यात पाणी कुठंय?” मुलानं झिनर समजावून सांगितले तरी ती म्हणणार, “बरं बाबा. पण चड्डी-बनियन मी हातानंच काढते.”

हजार डॉलरच्या आसपास पैसे मोजून घेतलेल्या यंत्राकडे लोक प्रयोग म्हणून बघत नाहीत. पंप बदला, पट्टी बदला, माणूस बोलवा, हे दोनतीनदा झालं की कल्पनेच्या सौंदर्याचं कौतुक ओसरतं. तक्रारी वाढल्या, ग्राहकांनी मिळून कंपनीवर सामूहिक दावा लावला, तो तडजोडीनं मिटला, आणि काही वर्षांतच कॅलिप्सो बाजारातून गेली. मला इथे थोडी हळहळ वाटते. कोर्टात उभा राहिला तो पंप आणि शिक्षा झाली तबकडीला. डुगडुगण्याची कल्पना कच्ची नव्हती, तिच्या दिमतीला दिलेली नळयोजना कच्ची होती.

वेडंवाकडं सुचूनही टिकलेलं एक उदाहरण समोर ठेवलं की ही हळहळ वाढते. न्यूझीलंडच्या फिशर अँड पायकेल कंपनीनं १९९१ मध्ये ‘स्मार्टड्राइव्ह’ आणलं. वरून उघडणारं, दांडा असलेलं, पण मोटर पट्ट्याशिवाय थेट टबाला जोडलेली. कपडे घुसळताना टब स्थिर हवा आणि पिळताना तो फिरायला हवा, यासाठी इतर यंत्रांत गिअर आणि क्लच यांचा पसारा असतो. न्यूझीलंडकरांनी तो पाण्यावर सोपवला. पाणी भरलं की आतला टब तरंगून वर उचलला जातो आणि मोटरपासून सुटतो, एकटा दांडा हलतो. पाणी गेलं की टब खाली बसून मोटरच्या दांड्यात अडकतो आणि गरगर फिरतो. तरंगणं या गोष्टीला वॉरंटी लागत नाही. यंत्र भंगारात गेल्यावरही त्याची मोटर जुगाडू मंडळी सोडत नाहीत. ओढ्याच्या पाण्यावर नाहीतर पवनचक्कीवर ती उलटी चालवून वीज करतात. म्हणजे जन्मभर वीज खाऊन म्हातारपणी वीज देणारं यंत्र. असं वार्धक्य किती जणांना लाभतं?

कॅलिप्सोनंतर तळाला चकती असलेली, दांडा नसलेली कमी पाण्याची यंत्रं अमेरिकेत रुळली, पण डुगडुगणारी नव्हेत, आपली साधी फिरणारी. तरीही ‘यात पाणी कुठंय?’ हा प्रश्न विचारणारे थांबले नाहीत. शेवटी कंपन्यांनी काटकसरी यंत्रांवरच जास्त पाणी भरायचं बटण दिलं. निकष पाळायला एक मांडणी आणि मनःशांतीला दुसरी. पुढे २०२१ मध्ये खुद्द व्हर्लपूलनंच मधला दांडा हवा तेव्हा बसवता आणि नको तेव्हा उपसून काढता येईल असं यंत्र बाजारात आणलं. घरात एकाला जीन्स घुसळून हवी असते, दुसऱ्याला रजई मावायला हवी असते, तेव्हा दोघांचंही राखायचं. वाद मिटला असं वाटत असतानाच तिसरा प्रश्न निघाला असणार, आणि तो घरातल्या धाकट्यानंच विचारला असणार: काढलेला ओला दांडा ठेवायचा कुठे?