माझा विरोध नाही, पण…

प्रत्येक सहकारी गृहनिर्माण सोसायटीला एक गळकी टाकी, एक बंद पडणारा पंप आणि एक नाना असतात. त्यांतल्या पहिल्या दोहोंची दुरुस्ती होते.

नाना विरोध कधीच करत नाहीत. विरोध करणारा माणूस परवडला. तो हात वर करतो, मतात हरतो आणि घरी जाऊन जेवतो. नानांचा मात्र प्रत्येक ठरावाला तत्त्वतः पाठिंबाच असतो. ‘माझा विरोध नाही, पण’ एवढं बोलून ते मांडीवरच्या फायलीची नाडी सोडायला घेतात. गाठ सुटते, कपाळावरचा चष्मा नाकावर येतो, बोटाला थुंकी लागते, आणि मागच्या रांगेतली अनुभवी मंडळी हळूच चपला शोधू लागतात.

जिना रंगवायचं ठरलं. नाना म्हणाले, ‘रंगवाच! पण तीन दरपत्रकं कुठायत?’ आणली. त्यांवर जीएसटी क्रमांक? होता. मग छटा कोणी ठरवायची, समितीने की सर्वसाधारण सभेने? सभा बोलावली, तर नोटीस 14 पूर्ण दिवसांची नाही निघाली. दिल्याचा दिवस धरायचा नाही, सभेचाही धरायचा नाही, हे नाना बोटांवर मोजून दाखवतात. तोवर रंगारी शेजारच्या इमारतीच्या परांचीवर चढला होता. गणपतीच्या मांडवालाही त्यांचा मोडता असतोच. विघ्नहर्ता त्यांच्यापुढे काय करणार, तो दहा दिवसांचा पाहुणा, नाना बारमाही.

तळमजल्यावरच्या आजी म्हणतात, ‘मेल्याने नाट लावला’. निवृत्त मुख्याध्यापक त्याला ‘व्यत्यय’ म्हणतात आणि तिसऱ्या मजल्यावरची पोरं ‘लोचा’. बाकी सगळे म्हणतात, नाना खोडा घालतात. माझ्या मते हा नानांवर अन्याय आहे. खोडा आडदांड असतो, लांबून दिसतो. नाना पाचर मारतात. बारीकशी, नेमक्या फटीत, आणि तीही नियमाला धरून.

पुनर्विकासाचा विषय निघाला तेव्हा नानांना वीस वर्षांनी तरुण झाल्यासारखं वाटलं असावं. सहकार कायद्याच्या कलम 79(अ)खालचे 2009चे निर्देश त्यांच्या फायलीत आहेत आणि 4 जुलै 2019चे सुधारितही. पूर्वी 75 टक्के सभासदांची संमती लागायची, आता 51 टक्क्यांवर भागतं, हे दुःख त्यांनी जवळच्या माणसाच्या मरणासारखं मनाला लावून घेतलं आहे. साहजिकच आहे. आधी चौथा हिस्सा लोक फितवले की काम अडायचं. आता निम्मी इमारत फितवावी लागते, आणि लिफ्ट बंद असते. (लिफ्टच्या दुरुस्तीलाही त्यांचा विरोध नव्हता.)

बिल्डर आला तो समोसे आणि मोठा पडदा घेऊन. पडद्यावर पोहण्याचा तलाव दिसला, झाडं दिसली, झाडांखाली आमच्यापेक्षा बरी दिसणारी माणसं दिसली. सगळे विरघळले. तेवढ्यात नाडी सुटली. ‘माझा विरोध नाही, पण प्रकल्प खर्चाच्या 20 टक्के रकमेची बँक हमी कधी देताय?’ बिल्डर गोड हसला, पुढच्या सभेत सांगतो म्हणाला, आणि पुन्हा फिरकला नाही. पलीकडच्या गल्लीतल्या सोसायटीने त्याच्याशी हमीबिमी न मागता करार केला. तिथली मंडळी अजून भाड्याच्या घरात आहेत आणि बिल्डरकडून येणारं भाडं केव्हाच थांबलंय.

आमची खरी पंचाईत ही आहे. एकदा बरोबर ठरलेला आडमुठा माणूस जन्मभर पुरतो. आता नानांनी जिन्यातल्या बल्बला हरकत घेतली तरी कोणीतरी हटकून म्हणतं, ‘बिल्डरच्या वेळी कोणी वाचवलं?’ आणि आम्ही अंधारात चाचपडत वर जातो.

शेवटी एकाने शक्कल काढली: नानांनाच समितीवर घ्या, चेअरमन करा. खुर्चीत बसलेला माणूस कुणाला अडवणार? अर्ज भरला, नानांनी सहीही केली. छाननीच्या दिवशी मात्र फाईल घेऊन हजर! स्वतःच्याच अर्जावर हरकत: ‘माझा विरोध नाही, पण माझा सूचक थकबाकीदार आहे.’ वही काढून पाहिलं, तर तीन महिन्यांची देखभाल वर्गणी खरोखरच थकलेली निघाली.

चेअरमनची खुर्ची अजून रिकामी आहे. कोणाला हवी असल्यास जरूर कळवा. फक्त आधी सूचकाच्या पावत्या तपासून घ्या.