नवं यंत्र, जुनंच शेत

इंग्लंडात स्थायिक झालेल्या मराठी माणसाला हिवाळ्यात दोनच उद्योग असतात: घरात बसून पाऊस बघणं आणि पावसातून मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला जाणं. मी तिसरा शोधला. शेतकऱ्याची परवानगी काढायची आणि मेटल डिटेक्टर घेऊन नांगरटीत जुनी नाणी हुडकत हिंडायचं. आईला व्हिडिओ कॉलवर हे सांगितलं, तर ती म्हणाली, "अरे, मॉलच्या दारात वॉचमन घेऊन उभा असतो तेच ना? एवढं शिकून?"

पहिला डिटेक्टर स्वस्तातला घेतला. खालच्या गोल कॉइलमधून चुंबकीय क्षेत्र जमिनीत शिरतं, धातूत बारीक विद्युतप्रवाह उठतात, यंत्र त्यांची चाहूल घेतं आणि पडद्यावर आकडा दाखवतं. लोखंडाचा आकडा खाली, चांदीचा वर. सगळा घोळ मधल्या पट्ट्यात. तिथे सोन्याची अंगठी आणि बिअरच्या कॅनची ॲल्युमिनियमची कडी अगदी शेजारीशेजारी नांदतात. कड्या वगळ असं यंत्राला सांगितलं की अंगठ्याही जातात. म्हणून सोनं हवं असेल त्यानं निमूट कड्या उपसायच्या. मी उपसल्या. सफोकच्या त्या शेतात रोमन लोक राहिले असतील-नसतील, बिअर पिणारे मात्र पिढ्यान्‌पिढ्या राहून गेलेत.

मग क्लबातल्या जाणत्यांनी कान फुंकले. हातोड्यानं ठोकून पाडलेली मध्ययुगीन पेनी इतकी पातळ, की तिला जास्त फ्रिक्वेन्सी लागते. खोलवरचं मोठं नाणं हवं, तर कमी. दोन्ही हवं असेल तर एकदम अनेक फ्रिक्वेन्सी सोडणारं यंत्र घ्या, म्हणजे मायनलॅबचं इक्विनॉक्स किंवा असंच काहीतरी. मोठी कॉइल खोल जाते, पण खिळ्यांच्या गर्दीत गोंधळते. म्हणून छोटीही हवी. हे सगळं मी बायकोला पदर पसरून समजावलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे आता कड्या जास्त खोलवरच्या मिळतील."

शिवाय तिच्याकडे दाखले होते. 2009 साली स्टॅफर्डशरच्या शेतात टेरी हर्बर्टला अँग्लो-सॅक्सन सोन्याचं घबाड लागलं, त्याची किंमत ठरली 32,85,000 पौंड. आणि त्याचं यंत्र होतं 14 वर्षांचं. आमच्याच सफोकात, हॉक्सनला, 1992 साली एरिक लॉज शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधायला गेले आणि रोमन काळातली सुमारे 15,000 नाणी घेऊन बसले. हातोडाही सापडला. तोही आता ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहे. हातोड्याचं एवढं भाग्य पाहून माझ्या घरातला पाना मी दोनदा हरवून पाहिला आहे.

नवं यंत्र आलंच. आईनं बजावलं, "काही सापडलं तर कोणाजवळ बोलू नकोस हो."

"अगं, कायदा आहे. खजिना ठरेल असं काही निघालं तर 14 दिवसांत कॉरोनरला कळवावं लागतं."

"मग खणतोस कशाला?"

आपल्याकडचा कायदा तर 1878 चा. दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा जमिनीत सापडला की कलेक्टरला कळवायचं. आजच्या भावानं पुरलेला वडापावही कलेक्टरकडे न्यावा लागेल.

नव्या यंत्रानं आधी शिशाची बंदुकीची गोळी दिली, मग कोटाची बटणं, मग कड्या (खोलवरच्या). आणि एका ओल्या सकाळी, ढेकळाच्या कडेला, चांदीचा अर्धा चंद्र. पेनीच होती. मागच्या क्रूसाच्या रेघेवर नीट कापलेली. त्या काळी सुट्ट्या पैशांची वानवा, म्हणून लोक नाणंच कापून अर्धी-पाव करायचे. माती न घासता ती तळहातावर धरली आणि तशीच कॅमेऱ्यासमोर नेली.

आई चष्मा चढवून बघत राहिली. "अर्धंच? उरलेलं कुठाय?"

मागून बायकोचा आवाज आला, "त्यासाठी आता पुढचं मॉडेल लागेल, आई."