पीपीटीपंत

सार्वजनिक संस्थांच्या घटनेत अध्यक्ष, चिटणीस आणि खजिनदार या तिघांचे अधिकार तपशीलवार नमूद केलेले असतात. परंतु ज्याची नेमणूक कोणत्याही ठरावान्वये झालेली नाही, ज्याच्या पदाला घटनेत कलम नाही, ज्याला मानधन तर नाहीच पण प्रवासभत्ताही नाही, आणि तरीही ज्याच्या आगमनावाचून वार्षिक सभेचे कामकाज सुरूच होऊ शकत नाही, असा एक चौथा अधिकारी आपल्याकडील पतपेढ्यांत, वाचनालयांत आणि ज्येष्ठ नागरिक संघांत अलीकडे उदयास आला आहे. गावोगाव त्याचे नाव निराळे असेल. आपण त्याला पीपीटीपंत म्हणू.

पंत बहुधा सेवानिवृत्त असतात. कोठल्याशा कचेरीत त्यांनी उभी हयात समास सोडून टिपणे लिहिण्यात घालवलेली असते आणि ती शिस्त निवृत्तीनंतर स्लाइडांवर अवतरते. संस्थापकांचा फोटो स्लाइडवर बसवायचा झाला, तर तो माउसने डावीकडे ओढून, बाणाच्या कळीने केसभर वर चढवून, पुन्हा अर्धा केस खाली आणून, आणि मध्यरात्र उलटल्यावर झोपलेल्या पत्नीस उठवून ‘सरळ दिसतो ना?’ अशी पृच्छा करून मगच ते फाइल जतन करतात. ‘दिसतो’ हे एकच उत्तर त्या माउलीला आता झोपेतही देता येते.

हा सारा खटाटोप घरी लिब्रेऑफिसच्या इम्प्रेसमध्ये चालतो. ते फुकट मिळते हे त्यामागचे खरे कारण असले, तरी पंत ते सांगत नाहीत, तत्त्व सांगतात. ओडीएफ हा खुला नमुना 2006 साली आंतरराष्ट्रीय मानक ठरला, मायक्रोसॉफ्टच्या नमुन्याला तो मान मिळण्यास 2008 साल उजाडावे लागले, आणि त्या नमुन्याविरुद्ध आपल्या भारतीय मानक ब्यूरोने मत नोंदवले होते, हा इतिहास ते ऐकणाऱ्याचा चहा गार होईपर्यंत सांगतात. सभागृहातल्या संगणकावर मात्र पॉवरपॉइंटच असते, आणि पंतांच्या तत्त्वाची व जगाच्या व्यवहाराची गाठ दरवर्षी त्या पांढऱ्या पडद्यावर, सर्व सभासदांच्या साक्षीने पडते.

निःपक्षपातीपणे पाहिले तर यात दोष एकट्या कोणाचा नसतो. एकाच गावाचे दोन तलाठी दोन निराळ्या साखळ्यांनी मोजणी करून दोन निराळ्या दफ्तरांत हद्दी उतरवू लागले तर जे होईल, तेच येथे होते. पॉवरपॉइंटच्या दफ्तरी एका इंचाचे 9,14,400 भाग पाडलेले असतात, म्हणजे सेंटिमीटरचे बरोबर 3,60,000, आणि फोटोची प्रत्येक कड अशा पूर्णांकांत नोंदली जाते. इम्प्रेस तीच कड सेंटिमीटर आणि दशांश यांत लिहून मोकळे होते. एवढ्यावर भागते तर त्रैराशिकाने काम निभावले असते. पण फोटो तिरका केला असेल, तर एकाच्या हिशेबी तो आपल्या मध्याभोवती फिरलेला असतो आणि दुसऱ्याच्या हिशेबी आधी फिरवून मग उचलून ठेवलेला असतो. कडा कापल्या असतील, तर एक त्या कापणीचा शेकडेवारीत हिशेब ठेवतो आणि दुसरा लांबीत. त्यात पंत जुन्या वळणाचे, म्हणजे 10 इंच रुंद आणि साडेसात इंच उंच अशा स्लाइडचे अभिमानी. पॉवरपॉइंटने मात्र 2013 पासून आपण होऊन सव्वातेरा इंचांहून रुंद पाट मांडायला सुरुवात केली आहे. गुगल स्लाइड्सचा हिशेब तिसराच.

फोटोची कड कापली म्हणजे कापलेला भाग नाहीसा होतो, अशी सामान्य जनांची समजूत असते. तो नाहीसा होत नाही. फाइलीत तसाच दडून राहतो, फक्त झाकला जातो. एका पतपेढीच्या रौप्यमहोत्सवी सभेत या तत्त्वाचा प्रत्यय आला. पायाभरणीच्या समूहचित्रात डाव्या कडेला उभे असलेले माजी चिटणीस पुढे विरोधी पॅनेलला मिळाले होते, आणि कार्यकारिणीच्या तोंडी हुकमावरून पंतांनी त्यांना सफाईने कापले होते. सभेत ती स्लाइड पडद्यावर आली तेव्हा कापणीचा हिशेब सीमेवर कोठेतरी गहाळ झालेला होता, माजी चिटणीस पूर्ण उंचीनिशी, छत्रीसह, हजर होते, आणि कैलासवासी संस्थापकांच्या तसबिरीवर तिरका चढवलेला झेंडूचा हार घरंगळून शेजारच्या फोटोतील विद्यमान अध्यक्षांच्या गळ्यात जाऊन पडला होता. विद्यमान अध्यक्ष पहिल्या रांगेत बसले होते. त्यांच्या सौभाग्यवती दुसऱ्या रांगेत होत्या. मागच्या खुर्च्यांवरून टाळ्या झाल्या. त्या हाराला होत्या की चिटणीसांना, याची इतिवृत्तात नोंद नाही.

अशा प्रसंगी पंतांची मुद्रा पाहण्यासारखी असते. ते गडबडत नाहीत. प्रथम ते ‘फॉन्ट नाही’ असे जाहीर करतात; हार आणि फॉन्ट यांचा संबंध विचारण्याचे धैर्य कोणालाही होत नाही. नंतर ते प्रोजेक्टरकडे संशयाने पाहतात. शेवटी, पडदा चालू ठेवूनच, ते फाइलीचे नाव बदलून शेवटी ‘झिप’ लावतात, गाठोडे उघडतात, आतल्या ‘मीडिया’ नावाच्या फोल्डरमधून संस्थापकांची तसबीर बाहेर काढतात आणि अध्यक्षांना म्हणतात, ‘पाहा साहेब, फोटो शाबूत आहे. फक्त जागेवर नाही.’ पॉवरपॉइंटची फाइल हे मुळात झिपचे गाठोडेच असते, हे त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. अध्यक्षांचे त्याने समाधान होत नाही, ही गोष्ट वेगळी.

कल्याणच्या पटवर्धनांनी 1892 च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ हा जादूच्या दिव्याचा खेळ दाखवण्यास आरंभ केला, तेव्हा त्यांची चित्रे काचेवर हाताने रंगवलेली असत. काच एखादे वेळी फुटत असेल, उलटीही बसत असेल. पण तिच्यावरचे पात्र शेजारच्या काचेत राहायला गेल्याचे कोणी ऐकले नाही. प्रगतीची ही किंमत मला अंमळ जास्तच वाटते, परंतु पंतांपाशी हे बोलण्याची सोय नाही.

कारण उपाय पंतांना ठाऊक आहे. घरच्या संगणकावरच स्लाइडांची पीडीएफ करून आणली, तर प्रत्येक फोटो ठेवल्या जागी निमूटपणे बसून राहतो. एका सभासदाच्या शाळकरी नातीने हे भर सभेत सुचवले. पंतांनी तिचे कौतुक केले आणि पीडीएफमध्ये ‘ॲनिमेशन मरते’ असा निर्वाळा दिला. पुढे सभागृहाच्या संगणकावरही इम्प्रेस घालण्याचा ठराव कार्यकारिणीपुढे आला. त्यात संस्थेचा एक पैसाही जाणार नव्हता आणि पंतांच्या तत्त्वाचा साक्षात विजय होता, तरी ‘घाई नको, उपसमिती नेमू’ अशी तजवीज सुचवून तो लांबणीवर टाकणारे पंतच. फोटो आपणहून जागेवर राहू लागले, तर सभा खोळंबणार नाही. सभा खोळंबली नाही, तर ‘पंतांना बोलवा’ अशी हाक माइकवरून जाणार नाही, आणि तीन मानकऱ्यांना खुर्चीत चुळबुळत ठेवून व्यासपीठाची पायरी सावकाश चढण्याचा वार्षिक योगही चुकेल.

यंदा त्यांच्या चिरंजीवांनी अमेरिकेहून मॅक पाठवला आहे आणि पंत स्लाइडा कीनोटमध्ये करीत आहेत. निमंत्रणपत्रिकेत सभेची वेळ सायंकाळी पाचची छापली आहे. जाणत्या सभासदांनी सहाला निघायचे ठरवले आहे. माजी चिटणीसांनाही यंदा रीतसर निमंत्रण गेले. पडद्यावर ते येणारच असतील, तर खुर्चीवरही असलेले बरे, असे अध्यक्षांचे मत पडले.