परटाचा बाण

महाबळेश्वरात जेवढा पाऊस पडतो, त्याच्या जेमतेम दहावा हिस्सा आमच्या सांगलीत पडतो. बाकीचा कृष्णामाई नंतर घरपोच आणून देते, तो भाग वेगळा. अशा गावात राहून मी जुने लष्करी रेनकोट जमवतो. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा मी आधी कोट माळ्यावर चढवले आणि मग सासूबाईंना. हा क्रम आमच्या घरात अजून विसरला गेलेला नाही.

मी बँकेत कॅशियर. खोटी नोट मी डोळे मिटून, नुसत्या बोटांनी ओळखतो. त्यामुळे कोट ओळखणं ते काय, अशी माझी घमेंड. पुस्तकं वाचून अभ्यासही केला होता. ब्रिटिशांच्या सरकारी मालावर तीन रेघांचा बाण छापलेला असायचा, मग ती बंदूक असो की बनियन. लेबलावर माप, बनवणारा आणि साल. १८२३ साली मॅकिंटॉशनं दोन कापडांच्या मध्ये रबर घालून वॉटरप्रूफ कापडाचं पेटंट घेतलं, तिथपासून या कोटांची वंशावळ सुरू होते. रबर म्हातारं झालं की एक तर तडकतं, नाही तर चिकटतं. म्हणून असा कोट घडी घालून ठेवायचा नाही, शंखजिऱ्याची पूड मारून टांगायचा. आमच्या घरात बाळ नाही, पण पावडरीचे डबे महिन्याला दोन लागतात.

तर गेल्या जुलैत साताऱ्यात राजवाड्याजवळ एका जुन्या कपड्यांच्या ढिगात मला तो दिसला. काळपट हिरवा, घोट्यापर्यंत लांब, आतून रबरी. कॉलर उलटली, तर खाली तपकिरी रंगात तीन रेघा. बाण! आतल्या लेबलावरचं सगळं पुसलेलं, फक्त १९४३ हा आकडा शिल्लक. विक्रेता म्हणाला, "साहेब, मिलिटरीचा माल." साताऱ्यात हे वाक्य कांद्यालासुद्धा लावतात, हे मला माहीत होतं. तरी चार हजार सांगितलेला कोट साडेतीनला घेतला, आणि त्यालाच फसवल्यासारखा चोरट्या पावलांनी तिथून निघालो.

इथं एक कबुली देतो. गळ्याच्या पट्टीला वेल्क्रो होतं. वेल्क्रोचं पेटंट १९५५ चं, हे मला तोंडपाठ होतं. १९४३ च्या कोटाला ते कुठून येणार? पण मी मनाशी म्हटलं, नंतर कुणीतरी शिवून घेतलं असेल. पाचशेच्या नोटेवर गांधीजींच्या जागी दुसरं कुणी दिसलं असतं, तर मी असं म्हटलं असतं का?

दुसऱ्या दिवशी चाचणी. बायकोला मागं बसवून स्कूटरवरून यवतेश्वरच्या घाटानं कासकडे निघालो. तिच्या अंगावर दोनशे रुपयांचा प्लॅस्टिकचा रेनकोट, माझ्या अंगावर इटलीची मोहीम. सेनियो नदीकाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नामदेव जाधव मराठा पलटणीचे, तेव्हा हा कोटही तिकडूनच आला असणार, असं मी पहिल्या वळणापर्यंत ठरवून टाकलं होतं. घाटात पाऊस वरून येत नाही, बाजूनं येतो. पाणी माझ्या कॉलरमधून आत शिरलं आणि आतच राहिलं. कोट वॉटरप्रूफ होता, यात शंका नाही. एक थेंब बाहेर जाऊ देत नव्हता.

कणसाच्या गाडीपाशी थांबून काढायला गेलो, तर निघेना. घामानं आणि उबेनं रबर शर्टाला धरून बसलं होतं. एक बाही बायकोनं धरली, दुसरी कणीसवाल्या मावशींनी. "दादा, टायर हाय का काय ह्यो?" मावशींनी विचारलं. शर्ट गेला. पाठीवर जो काळा नकाशा उमटला, तो जाईपर्यंत रविवार उजाडला.

तरीही मी हरलो नव्हतो. घाटातून उतरलो, बायकोला तिच्या बहिणीकडे सोडलं आणि थेट मिलिटरी अपशिंगे गाठलं. या गावात घरटी फौजी, तेव्हा कोटाला जात-दाखला मिळेल तो इथंच. ओळखीतले एक सुभेदार आबा, वय ८३, ओसरीवर बसले होते. मी कोट त्यांच्या पुढ्यात पसरला. आबांनी आधी वास घेतला. मग वेल्क्रो चर्र करून उघडलं आणि माझ्याकडं पाहिलं. मी नजर चुकवली.

"पावणं, ह्यो बाण न्हाई. परटाची खूण हाय. बिब्ब्याची."

बिब्ब्याच्या रसाची खूण कितीही धुतली तरी जात नाही, म्हणून परीट कपड्यावर ती घालायचे. दुसऱ्या महायुद्धात इकडं आलेल्या गोऱ्या सोजिरांच्या मानेवर याच खुणेनं पुरळ उठायचं. हे ऐकताना माझा हात सकाळपासून मानेवरच का आहे, ते मला कळलं. आबांनी कोटाच्या खिशात हात घातला, तर उसाच्या वजनाची जुनी पावती निघाली. "कारखान्यावरच्या वाचमनचा असंल. आन् एकोणीसशे त्रेचाळीस म्हंजी त्येचा टोकन नंबर."

परटानं माझ्या संग्रहात शब्दशः बिब्बा घातला होता.

चहा आला. आबा बासष्टच्या चीनच्या लढाईचं सांगू लागले. नेफाकडं, म्हणजे आजच्या अरुणाचलाकडं, पलटणी निघाल्या त्या सुती वर्दीत आणि कॅनव्हासच्या बुटात. थंडीचे कपडे पोचायच्या आत लढाई पोचली. त्याच वर्षी नोव्हेंबरात आमच्या सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेचे यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. "मला गरम कोट मिळाला पुढच्या साली," आबा म्हणाले. "रजंवर आलो तवा थोरल्या भावाला दिला. त्यानं शेतावर राखणीला घालून घालून फाडला." मी विचारलं, त्याचं एखादं बटण तरी? आबा हसले.

निघताना गोठ्यापाशी वाकलो. पेंडीच्या पोत्यावर मेणकापडासारखं काहीतरी झाकलेलं होतं. कडेला पितळी डोळे, एका बाजूला कॉलर. अंगावर घेतलं तर केप, खाली अंथरलं तर ग्राउंडशीट. मी कोपरा उलटला. शाईत छापलेला सरळ, स्वच्छ बाण. त्याखाली १९४२.

"आबा, हे कुणाचं?"

"आमच्या बापाचं. लढाईवरनं आणल्यालं."

माझा आवाज बदलला असावा, कारण म्हशीनं मान वळवली. "विकणार का? तुम्ही म्हणाल ती किंमत."

आबांनी पोतं पुन्हा नीट झाकलं, डोळ्यांतून ओवलेली सुतळी घट्ट केली आणि म्हणाले, "पावसाळा सरू द्या. म्हशीला इचारून सांगतो."