दारिद्र्याचं व्रत आणि वॉर्डन रोड

ज्या बायकांनी दारिद्र्याचं व्रत घेतलं आहे, त्यांचा पत्ता भुलाभाई देसाई रोड, म्हणजे जुना वॉर्डन रोड, असावा, याची मला कायम गंमत वाटत आली आहे. महालक्ष्मीच्या देवळाकडून ब्रीच कँडीकडे निघालं की डाव्या हाताला टेकडीच्या अंगाला सोफिया कॉलेज लागतं. आजूबाजूला चौरस फुटाचे भाव ऐकून भल्याभल्यांना घाम फुटतो. आणि इथं झाडं उभी आहेत, जुनं घर उभं आहे, आणि जिन्यात बसून मुली डबा खातायत. एखादा बिल्डर हे बघून रात्री झोपत कसा असेल, कोण जाणे.

या जागेचे आधीचे मालकही साधेसुधे नव्हते. इथलं 'सॉमरसेट हाऊस' हे बद्रुद्दीन तय्यबजींचं घर. १८८७ साली मद्रासच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते, आणि पुढं मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना आधी नाकारलेला जामीन अखेर मंजूर केला तो यांनीच. त्यामुळे या टेकडीला जाता जाता एक नमस्कार करायला पुणेकरांची हरकत नसावी. तय्यबजींनी आपल्या मुलींना शाळेत घातलं, पुढं दोघींना थेट इंग्लंडला धाडलं. त्यांच्या घराण्यात 'अखबार' नावाच्या वह्या असत. घरात काय घडलं, कोण आलं, कोण गेलं हे त्यात कुणीही लिहावं, बायकांनीसुद्धा. म्हणजे कॉलेज निघण्याच्या कितीतरी आधी या टेकडीवर बायका निबंध लिहीतच होत्या, फक्त मार्क मिळत नव्हते.

पुढं ही वास्तू संस्थानिकांकडे गेली, आणि १९४० साली भावनगरच्या महाराजांकडून 'सोसायटी ऑफ द सेक्रेड हार्ट' या संघाच्या, दारिद्र्याचं व्रत घेतलेल्या नन्सनी ती घेतली आणि इथं कॉलेज काढलं. महाराजांकडून संन्यासिनींकडे! सातबारा फिरतो म्हणतात, पण इतका फिरलेला क्वचितच असेल.

या संघाची संस्थापिका मादलेन सोफी बारा ही फ्रान्समधल्या जोन्यी गावच्या एका पिंपं बनवणाऱ्याची मुलगी, जन्म १७७९ चा. शेजारी आग लागली, आईनं धसका घेतला आणि ही दिवस भरायच्या आतच जन्मली. तुला या जगात कुणी आणलं, असं विचारलं की लहानपणी ती सांगे, 'आगीनं'. पाद्री व्हायला निघालेला मोठा भाऊ तिला शिकवायला बसला, आणि शिकवलं काय, तर लॅटिन, ग्रीक आणि गणित. त्या काळात फ्रान्समधल्या सगळ्या मुलग्यांनाही हे मिळत नव्हतं. मास्तर मात्र कडक. तिनं हौसेनं केलेली भेटवस्तू त्यानं उचलून आगीत टाकली, असं तिच्या चरित्रात सांगतात. असे मोठे भाऊ आपल्याकडेही घरटी एक सापडतील, फक्त ते ग्रीक शिकवत नाहीत. या मुलीनं १८०० साली पॅरिसमध्ये संघ काढला, तो मुलींना शिकवण्यासाठीच.

खरी मौज पुढं आहे. १९६४ पर्यंत या संघाच्या नन्सना कुंपणाबाहेर पडायला बंदी होती. अगदी गरज असल्याशिवाय रस्त्यावर पाऊल टाकायचं नाही, घरी परत जायचं नाही. आपल्याकडच्या सासुरवाशिणीला निदान दिवाळीला माहेर असे, यांना तेही नाही. त्यात डोक्यावर ती टोपी, चेहऱ्याभोवती कडक चुण्यांची झालर. मुंबईच्या जुलैत, जिथं पापड दुपारपर्यंत कुरकुरीत राहत नाही, तिथं ती झालर ताठ कशी राहत असेल याचं मला आजही कुतूहल आहे. आणि या बंद दारामागच्या बायका मुलींना शिकवत काय होत्या, तर बाहेर पडायला!

हे गिरगावकरांच्या लक्षात उशिरा आलं. आमच्या एका मावशीनं त्या काळी सोफियाचं नाव काढलं, तेव्हा आजोबा आधी गरजले. मग कुणीतरी म्हणालं, "अहो, नन असतात तिथं." आजोबा विरघळले. "नन आहेत ना? मग जाऊ दे." चार भिंतींत राहणाऱ्या बायका मुलीलाही चार भिंतींत ठेवतील, हा त्यांचा हिशेब. तीन वर्षांनी मावशीला बघायला पाहुणे आले. मुलाच्या वडिलांनी तिचे मार्क विचारले, तिनं सांगितले, आणि मग मुलाचे विचारले. स्थळ परत गेलं. पोहे भावंडांनी संपवले.

कुंपण उघडलं आणि नन्सही बाहेर पडल्या, अगदी जोरात. म्हापशात जन्मलेल्या सिस्टर करुणा मेरी ब्रागांझा या सोफियाच्या प्राचार्य होत्या. त्यांच्या काळात, १९७० साली आवारात पॉलिटेक्निक उभं राहिलं. बी. ए. झालेल्या मुलीला हातात काहीतरी कला हवी, पोटापाण्याचं साधन हवं, हा त्यामागचा सरळ विचार. पुढं या बाई झारखंडातल्या तोरपा नावाच्या आदिवासी भागातल्या गावी काम करायला गेल्या. २००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. वॉर्डन रोडवरून तोरपाला बदली मागून घेणारा सरकारी नोकर मला कुणी दाखवावा.

आवारातच मतिमंद मुलांसाठी 'साधना स्कूल' आहे. तिथली मुलं, पॉलिटेक्निकच्या केटरिंगच्या मुली आणि मास मीडियाच्या, कानात इयरफोन घातलेल्या मुली एकाच फाटकातून येतात-जातात. दारिद्र्याचं व्रत घेतलेल्यांच्या हातात इतकी महागडी जमीन असावी का, याचं उत्तर मला त्या फाटकापाशी मिळतं: असावी, कारण विकण्याचा मोह त्यांना सगळ्यांत कमी.

तेव्हा तुमची भाची किंवा पुतणी बारावीला असेल, तर फॉर्मची तारीख बघून ठेवा. आणि घरी पोहे जरा जास्तच भिजवा.